नळदुर्गच्या वाटेवर एक विमान

आईच्या नाहीतर सासूबाईंच्या लग्नातलं जुनं शिवणयंत्र तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या घरी अजून असेल. काळंभोर, चकचकीत आणि अंगावर सोनेरी वेलबुट्टी. ती वेलबुट्टी कुणी कारागिराने बसून कुंचल्याने काढली असावी, असं लहानपणी आपल्याला वाटायचं. तसं नसतं, बरं का! ती आधी कागदावर छापतात, मग पाण्याने कागदापासून सोडवून अलगद यंत्रावर उतरवतात आणि वरून वॉर्निशचा हात देतात. म्हणून अशा यंत्रावर कधी स्पिरिट किंवा थिनर चोळू नये. वॉर्निशबरोबर वेलीही निघून येतात. यंत्राच्याच तेलाचा एक थेंब मऊ फडक्यावर घेऊन पुसलं की पुरे.

अशा चित्राला 'डिकॅल' म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच. कपबशीवरचा गुलाबही त्याच जातीचा, फक्त तो नंतर भट्टीत भाजून पक्का करतात. आणि मुलं जोडतात त्या प्लास्टिकच्या छोट्या विमानांवरची चिन्हंही त्याच जातीची.

आता तुम्ही म्हणाल, लेखाला नाव नळदुर्गचं आणि सांगताय शिवणयंत्राचं! पण यंदाच्या पावसाळ्यात धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा अशी जी आमची फेरी झाली, ती अशा एका बोटाच्या पेराएवढ्या चित्रापायी झाली.

आमचे धाकटे चिरंजीव आठवीत आहेत. मे महिन्यात माझ्या माहेरी माळा आवरताना त्यांना एक खोका सापडला. त्यांच्या मामाने शाळेत असताना हौसेने आणलेला आणि तसाच राहून गेलेला. आत करड्या प्लास्टिकचे सुटे भाग, एक सूचनांचा कागद आणि डिकॅलचा पिवळा पडलेला तुकडा. खोक्यावर नाव होतं हॉकर टेंपेस्ट. खऱ्या विमानाच्या ७२ पट लहान. खरं विमान एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण साडेबारा मीटर, हे जेमतेम साडेसतरा सेंटीमीटर. पोळपाटावर ठेवलं तर दोन्ही बाजूंना जागा उरते.

नाव वाचलं आणि मी हातातलं फडकं खाली ठेवलं. मी इथल्या एका शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते. दरवर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, ध्वजवंदनानंतर मुलांपुढे चार शब्द बोलायचं काम माझ्याकडे असतं. निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात यावं म्हणून १९४८ च्या सप्टेंबरात आपलं सैन्य सोलापूरकडून आपल्या जिल्ह्यात शिरलं. त्या मोहिमेत जी लढाऊ विमानं होती, ती हीच. टेंपेस्ट.

म्हटलं, शाळेच्या प्रदर्शनात यंदा हे ठेवू या. चिरंजीव खूश. जोडून झालं, घासून झालं, रंग देऊन झाला. राहिली फक्त चिन्हं. खोक्यातल्या डिकॅलवर होती ब्रिटिश हवाई दलाची तांबडी, पांढरी, निळी वर्तुळं. "खोक्यात आहे तेच लावायचं असतं," असा निकाल चिरंजीवांनी दिला. मी म्हटलं, आधी जिथे हे विमान उडालं तो रस्ता तरी बघून येऊ. तसंही श्रावण संपत आला होता आणि उमरग्याच्या पुढे गावी राहणाऱ्या आजेसासूबाईंना भेटायचंच होतं.

रविवारी पहाटेच्या एसटीने निघालो. विमान मिठाईच्या खोक्यात, कापसात. ह्यांनी खोका मांडीवर धरायचं कबूल केलं आणि तुळजापूर येईपर्यंत खरोखरच हलवला नाही.

तुळजापूरला उतरून भवानीचं दर्शन न घेता पुढे जाणं आपल्याच्याने होत नाही. कवड्यांच्या माळा, हळदकुंकवाचा सडा, आराधी बायका, रविवारची गर्दी. यातलं तुम्हाला मी नव्याने काय सांगणार? पण दर्शनाच्या रांगेत उभी असताना चिरंजीवांना एवढं सांगितलं, की १३ सप्टेंबर १९४८ ला उजाडता उजाडता आपल्या सैन्याची एक तुकडी या गावाशी येऊन पोचली होती. हैदराबादचे शिपाई आणि सुमारे २०० रझाकार इथे होते. दोन तास लढले आणि मग शरण आले. तिथून तुकडीला लोहाऱ्याकडे जायचं होतं, पण नदीला पूर आलेला, म्हणून अडकून पडली. पाऊस कुणाच्या बाजूचा नसतो!

तुळजापूरहून नळदुर्ग तासाभराचा रस्ता. नळदुर्गला सोलापूर-हैदराबाद हमरस्ता लागतो. आपल्याला हे गाव बोरी नदी आणि किल्ला यांसाठी माहीत. मी तर म्हणेन, वेरूळ-अजिंठ्याच्या सहलीला पैसे जमेपर्यंत थांबू नका, ऑगस्ट-ऑक्टोबरात चांगला पाऊस झाला की एक दिवस काढून हा किल्ला बघून या. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात किल्ल्यातच नदीवर धरण बांधलं, आणि त्या धरणाच्या भिंतीच्या पोटात महाल! नदी भरली की डोक्यावरून दोन धारांनी पाणी पडतं. त्या धारांना लोक नर आणि मादी म्हणतात. तुम्ही आत कोरड्या खिडकीत उभ्या आणि समोरून पाण्याचा पडदा. या पाणीमहालात जाताना चपला नकोत, पट्ट्याचे बूट घाला, पायऱ्या निसरड्या असतात. उपळ्या बुरुजावर तोफा आहेत, तिथे चढताना पदर खोचून घ्यावा. पायऱ्या उंच आहेत, आणि बांधणाऱ्यांनी साडीचा विचार काही केलेला नाही.

बुरुजावर पोचलो तेव्हा वारं असं होतं, की विमानाचं खोकं उघडायची छाती झाली नाही. चिरंजीव खाली बोट दाखवून विचारायला लागले, पूल कुठला? सैन्य कुठून आलं?

त्या सोमवारी पहाटे बोरीवरचा पूल हाती लागणं फार महत्त्वाचं होतं. तो उडवून दिला असता तर भर पावसाळ्यात रणगाडे अलीकडेच थांबले असते. सातव्या ब्रिगेडने तो शाबूत घेतला. मग किल्ल्याजवळच्या मोर्चावर दुसऱ्या शीख पलटणीने हल्ला केला. त्यात हवालदार बचित्तर सिंग होते. एका पक्क्या मोर्चातून मशीनगन चालू होती आणि त्यामुळे सगळी तुकडी अडून राहिली. ते पुढे धावले, मांडीत गोळ्या बसून पडले, तसेच सरपटत गेले आणि हातगोळे टाकून ती मशीनगन बंद पाडली. मागे न्यायला आलेल्यांना त्यांनी नकार दिला. तिथेच गेले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. तेव्हा त्याला अशोकचक्र, वर्ग पहिला, असं म्हणत. आपण या किल्ल्यावर डबे घेऊन येतो, फोटो काढतो. या माणसाचं नाव आमच्या घरी त्या दिवसापर्यंत माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

सकाळी नऊच्या सुमाराला सैन्य पुढच्या जळकोटला होतं, दुपारी सव्वातीनला उमरग्यात. दुसऱ्या दिवशी, १४ तारखेला, उमरग्याहून राजेश्वरकडे निघायचं होतं. ते आज कर्नाटकात, बिदर जिल्ह्यात आहे. अंतर ४८ किलोमीटर. विमानांतून टेहळणी केली तेव्हा वाटेवर जागोजाग दबा धरून मोर्चे बांधलेले दिसले. म्हणून टेंपेस्ट विमानं बोलावली. त्यांनी रस्ता मोकळा केला आणि दुपारपर्यंत सैन्य राजेश्वरला पोचलं. १७ तारखेला सगळं संपलं. पाच दिवसांचं काम. लोक त्याला अजून 'पोलीस ॲक्शन' म्हणतात, सैन्याच्या कागदांत नाव होतं ऑपरेशन पोलो.

आजेसासूबाई राहतात त्या गावावरून ही विमानं गेली. आजींचं वय आता पंचाऐंशीच्या आसपास. दिसतं कमी, ऐकू येतं आपल्याला नको तेवढं. ओसरीवर बसल्या होत्या. चिरंजीवांनी खोकं उघडून विमान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बोटांनी पंख चाचपले, पुढचा पंखा चाचपला.

"ह्येच व्हय ते?"

"हेच, आजी. तुम्ही पाहिलं होतं?"

"बगायला कोन थांबतंय? म्या आठ-नऊ वर्साची आसंन. काकूसंगं भाकरी घिऊन रानात चालले व्हते. येकाएकी आबाळात जात्यावानी घरघर, घरघर. काकू म्हनली, पड खाली. तशी तुरीच्या वळीत पडले. तोंड मातीत. वर काय हाय न् काय न्हाई, कुनाला ठावं."

मग त्या आधीच्या दिवसांचं बोलल्या. रझाकार येतील म्हणून ज्वारी पेवात घालून वर उकिरडा केलेला, बायकांनी रात्री शेतात काढलेल्या. हे आम्ही त्यांच्या तोंडून कितीदा तरी ऐकलं आहे. पण त्या दिवशी एक गोष्ट नवी सांगितली.

"आमच्या गल्लीत मनेरीण व्हती. मला लई जीव लावायची. माज्या इवल्या हाताला बसतील आशा काचंच्या बांगड्या राखून ठिवायची. इमानं गेली, लोक नाचली, गुलाल उधळला. आन् मागनं आठ-धा दिसांनी तिचं दार बंद झालं. कुटं गेली, कुनी सांगितलं न्हाई. आमीबी इचारलं न्हाई. पुना आली न्हाई ती."

मी वर्गात शिकवते तो धडा १७ तारखेला संपतो. त्यानंतरचं पुस्तकात नसतं. नेहरूंनी त्याच वर्षी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना संस्थानात पाठवलं होतं. त्यांनी फिरून, विचारून अहवाल दिला, की पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर संस्थानात कमीत कमी २७,००० ते ४०,००० माणसं मारली गेली. मरणारे बहुतेक मुसलमान. सगळ्यात जास्त सोसलेल्या चार जिल्ह्यांत पहिलं नाव उस्मानाबादचं, म्हणजे आपलं. बाकीचे गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. तो अहवाल कित्येक वर्षं सरकारने बाहेर येऊ दिला नाही. रझाकारांनी जे केलं तेही खरं, आणि हेही खरं. आजींच्या गल्लीतली बांगड्यांची टोपली या आकड्यात आहे की कुठे दूर जाऊन वाचली, कोण सांगणार?

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आजींनीच विषय काढला.

"आन् ह्येच्यावर शिक्का न्हाई कुनाचा?"

"लावायचाय. हा बघा, ब्रिटिशांचा." चिरंजीवांनी डिकॅलचा कागद पुढे केला.

"इंग्रज तर आदल्या सालीच गेला न्हवं? मंग त्येचं इमान आमच्या डोसक्यावर कसं आलं?"

चिरंजीवांकडे उत्तर नव्हतं. परतीच्या एसटीत खोकं त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतलं.

घरी आल्यावर पुस्तकं काढली, फोटो शोधले. विमानावरच्या गोल चिन्हाची कथा मोठी मजेची आहे. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडच्या विमानांवर ब्रिटिश चिन्ह असायचं, पण त्यातला तांबडा ठिपका पूर्वेच्या आघाडीवर काढून टाकला, कारण जपानी विमानांवर तांबडा सूर्य असे आणि घाईत आपलाच माणूस आपल्यावर गोळी झाडायचा. म्हणून गडद निळं आणि फिकट निळं एवढंच ठेवलं. स्वातंत्र्य मिळाल्यावर पहिल्या काही वर्षांत पांढऱ्या गोलावर निळं अशोकचक्र आलं. त्या काळच्या टेंपेस्टच्या फोटोंत पंखांवर ते दिसतं. आज आपण २६ जानेवारीला पाहतो ते चिन्ह, बाहेर केशरी, मग पांढरं, मध्ये हिरवं, हे १९५० च्या सुमाराचं. हवाई दलाच्या नावातलं 'रॉयल'ही तेव्हाच गेलं. म्हणजे बाजारात आज तिरंगी डिकॅल मिळालं असतं तरी ते आपल्या कामाचं नव्हतं. पाहिजे होतं चक्र, आणि ते घरीच करायचं होतं.

कसं केलं ते जरा बैजवार सांगते. मुलांच्या सुटीत तुम्हालाही उपयोगी पडेल. विमानच पाहिजे असं नाही, मातीची पणती, काचेची बरणी, पत्र्याचा डबा, कशावरही हे चित्र उतरवता येतं. फक्त खायच्या-प्यायच्या भांड्याला आतून लावू नका.

डिकॅलच्या कागदावर तीन थर असतात. खाली जाड कागद, त्यावर पाण्यात विरघळणारा डिंक आणि त्यावर चित्र छापलेली पारदर्शक साय. हा डिंक बहुधा डेक्स्ट्रिन असतो. नाव भारी, पण वस्तू आपल्या ओळखीची. स्टार्च, म्हणजे आपली खळ ज्याची करतो ते, कोरडं तापवलं की डेक्स्ट्रिन होतं. पाव खरपूस भाजला की वरच्या सालीत हेच तयार होतं. कागद पाण्यात बुडवला की डिंक सुटतो आणि साय कागदावरून सरकायला लागते. तोच उरलेला डिंक तिला नव्या जागी धरून ठेवतो. म्हणून कागद पाण्यात विसरायचा नाही. दहा-पंधरा सेकंद बुडवून बाहेर काढायचा आणि ओल्या बशीत मिनिटभर ठेवायचा. साय पाण्यात तरंगायला लागली तर डिंक सगळा धुऊन गेला असं समजा.

सरावाला मामाच्या खोक्यातला पिवळा तुकडा होताच. त्याचा पिवळेपणा घालवायला मे महिन्यातच तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून ऊन येणाऱ्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवून ठेवला होता. पंधरा दिवसांच्या उन्हात पुष्कळ उजळला. पण इतक्या वर्षांचा जुना, पहिलंच वर्तुळ पाण्यात जाताच पापडासारखं चुरलं. यावर उपाय असा, की जुन्या डिकॅलवर आधी पारदर्शक लॅकरचा पातळ हात द्यायचा, तो वाळू द्यायचा आणि मगच भिजवायचं. दुसरं वर्तुळ अखंड उतरलं, दह्याच्या डब्याच्या झाकणावर.

झाकणावर उतरलं, पण विमानावर तसं लगेच लावायचं नसतं. रंग मंद असेल, खडूसारखा, तर तो आपल्याला गुळगुळीत दिसला तरी बारीक खरखरीत असतो. त्या खड्ड्यांत हवा राहते आणि वाळल्यावर सायीखाली चंदेरी डाग दिसतात. पावडर लावलेल्या कपाळावर टिकली धरत नाही ना, तसंच. म्हणून आधी चकचकीत पारदर्शक वॉर्निश, ते पुरतं वाळलं की डिकॅल, आणि शेवटी पाहिजे तर वरून मंद वॉर्निश.

पाण्याचंही एक आहे. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड, की पातेल्याला पांढरं पुट चढतं. तेच पुट डिकॅलच्या कडेने वाळतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत वरून घालायचं डिस्टिल्ड पाणी आणलं, कोमट करून वापरलं, डाग गेले. दुकानात ॲसिडचा कॅनही शेजारीच असतो, तेव्हा लेबल वाचून घ्या आणि काम झालं की उरलेल्या पाण्याची बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

आता चक्र. डिकॅलचा कोरा कागद मिळतो. इंकजेट छपाईचा वेगळा आणि लेझरचा वेगळा, मागवताना एवढं बघायचं. आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने तो कागद उलटासुलटा करून पाहिला, "यंत्रात चिकटला तर?" म्हणाला, आणि शेवटी छापून दिला. एका पानावर चाळीस चक्रं. लागणार होती सहा: पंखांच्या वर दोन, खाली दोन, अंगाच्या दोन बाजूंना दोन. इंकजेटची शाई पाण्याने पसरते, म्हणून पान वाळल्यावर त्यावर लॅकरचे तीन हलके फवारे मारले. खिडक्या उघड्या ठेवून, स्वयंपाकघरापासून दूर. रात्रभर वाळू दिलं.

अडचण पुढेच होती. छपाईयंत्राकडे पांढरी शाई नसते. पारदर्शक कागदावर निळं चक्र छापलं, तर पंखाच्या गडद रंगावर ते दिसणारच नाही. म्हणजे पंखावर आधी पांढरा गोल रंगवायला पाहिजे, आणि सहाही गोल सारखे. चिरंजीव कंपास घेऊन बसले, टेपवर टोक रुतवून सगळं फाडून ठेवलं. मी माझं टिकल्यांचं पाकीट आणलं. योग्य मापाची टिकली निवडली, ती रंगाऱ्याच्या कागदी टेपवर चिकटवली आणि काचेवर ठेवून तिच्या कडेने ब्लेड फिरवलं. टिकलीसकट गोल उचलला की उरलं ते भोक. तो टेप पंखावर लावून पांढरा रंग दोन पातळ हातांनी दिला. सहा गोल, एका मापाचे. टिकल्यांचं पाकीट दहा रुपयांचं.

शेवटचं काम रात्री नऊनंतर केलं, पंखा बंद करून. बशीत कोमट पाणी, एक मऊ कुंचला, चिमटा, धुऊन मऊ झालेला जुना हातरुमाल. चक्र कापताना कडेची कोरी साय शक्य तेवढी कातरून टाकायची, म्हणजे वाळल्यावर कड दिसत नाही. पंखावर जिथे लावायचं तिथे आधी थेंबभर पाणी, त्यात चार थेंब पांढरं व्हिनेगर. त्याने साय जरा मऊ पडते. भिजलेला कागद पांढऱ्या गोलाला टेकवायचा आणि कुंचल्याने चक्र पुढे ढकलायचं. ओढायचं नाही. पाणी आहे तोवर ते फिरतं, सरकतं, मनासारखं मध्यावर आणता येतं. मग हातरुमालाची घडी वरून टेकवायची, चोळायची नाही. मधून कडेकडे पाणी टिपून घ्यायचं. बुडबुडा राहिलाच तर बारीक सुईने एक टोचा आणि वरून व्हिनेगरच्या पाण्याचा थेंब. थोड्या वेळाने सायीवर सुरकुत्या आल्या तर घाबरून बोट लावू नका. वाळताना ती आपोआप ताणून बसते.

पहिलं चक्र लावायला वीस मिनिटं लागली. आऱ्या केसाएवढ्या बारीक, त्यामुळे चक्र सरळ आहे की फिरलंय ते कळेना. मग लक्षात आलं, चाकाला कसलं आलंय उलटंसुलटं! सहावं चार मिनिटांत झालं. ह्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि "छापलंय की काय?" असं विचारलं. हे सहसा एवढंही बोलत नाहीत.

१७ तारखेला प्रदर्शनात विमान काचेच्या पेटीत होतं. खाली चिरंजीवांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लिहिली होती: विमानाचं नाव, उमरगा ते राजेश्वर, १४ सप्टेंबर १९४८. त्याखाली आणखी एक ओळ होती, बोरीच्या काठी पडलेल्या हवालदार बचित्तर सिंगांची. मी ध्वजवंदनानंतर बोलले त्यात यंदा आजींच्या मनेरणीचं बंद दार घातलं. एक-दोन भुवया वर गेल्या. मुलं मात्र शांत ऐकत होती, आणि नंतर एका मुलीने येऊन विचारलं, "बाई, तिचं नाव काय होतं?" आजींना तेवढं आठवत नाही. त्या तिला 'खाला' म्हणत.

तुम्ही कधी दिल्लीला गेलात तर पालमच्या हवाई दलाच्या संग्रहालयात खरं टेंपेस्ट उभं आहे, त्याचा क्रमांक एचए ६२३. आम्ही अजून पाहिलेलं नाही. चिरंजीवांनी त्यासाठी डबा करून पैसे टाकायला सुरुवात केली आहे. साठ रुपये झालेत.

दसऱ्याला विमान पुन्हा गावी नेलं. आजींनी पंखावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. "शिक्का कुटं हाय? हाताला लागंना." वर वॉर्निशचे दोन हात दिले की डिकॅलची कड बोटाला लागत नाही, तीच तर खूण चांगल्या कामाची. पण आजींना हे कसं पटणार? चिरंजीवांनी त्यांना उन्हात नेलं, विमान डोळ्यांजवळ धरलं. "हां," म्हणाल्या, "निळं निळं दिसतंय. चाक हाय जनू."

पानावरची चौतीस चक्रं उरली होती. त्यातलं एक आजींनी मागून घेतलं, मिश्रीच्या स्टीलच्या डबीवर लावायला. मिश्री सोडा म्हणून आम्ही सगळे सांगून दमलोय, आणि चिरंजीव तिच्याच डबीवर चक्र लावत बसले! आधी चकचकीत वॉर्निश, मग पांढरा गोल, मग चक्र, वरून पुन्हा वॉर्निश. दोन दिवस डबी कुणी घासायची नाही, असं घरातल्या सगळ्यांना बजावून आम्ही संध्याकाळची एसटी धरली.